साखळीतला हात

"पुन्हा साखळी करा. हात धरा," प्रशिक्षक मोहिते सर म्हणाले. उद्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची अंतिम फेरी होती. बचावाला सातही जण उभे राहिले, पण धैर्यशीलने पुढे केलेला हात साईराजने धरला नाही.

वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या मुलाचं डोकं फोडल्याचा गुन्हा धैर्यशीलवर दाखल होता. तो मुलगा साईराजचा रूममेट, अजून दवाखान्यात होता.

"साई, प्राचार्यांचं पत्र आलंय," सर म्हणाले. "गुन्हा सिद्ध होईपर्यंत धैर्याला खेळू द्यायचं."

"पत्र तुमच्याकडे आहे, सर. हात माझा आहे."

"तू काय जज आहेस का रे?" धैर्यशील हसला. त्याने दुसरा हात कर्णधारापुढे केला. कर्णधाराने मॅटकडे पाहत आपला हात मागे घेतला.

सरांनी शिट्टी हातात फिरवली. धैर्यशील नसला तर उद्या हरणार, हे त्यांना ठाऊक होतं. "धैर्या, तू उद्या खेळत नाहीस," ते अखेर म्हणाले. "प्राचार्यांशी मी बोलतो."

धैर्यशील मॅटबाहेर गेला, बॅग उचलून तिथेच घुटमळला.

"साई, तुझा रूममेट बोलतो का आता?"

"आईचं नाव सांगतो. स्वतःचं अजून नाही."