डावखुरा सांधा

वेल्डिंगचा सांधा म्हणजे हस्ताक्षरच. त्यावर वितळून गोठलेल्या धातूचे खवले माझ्या हातचे उजवीकडे झुकतात. बाबा डावखुरे, त्यांचे डावीकडे झुकायचे.

माझ्या टर्बो गाडीसाठी मी मापानं नवा एक्झॉस्ट बनवत होतो. पाइप कापले, टाके मारून जागेवर धरले आणि गॅरेजला कुलूप लावून चहाला घरात गेलो.

परत आलो, तर पहिला सांधा पुरा झालेला. पाइप अजून तापलेला. खवले डावीकडे झुकलेले.

बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत.

खोटं कशाला बोलू, भीतीच्या आधी बरं वाटलं. असा सांधा मला सात जन्मांत जमला नसता.

दुसऱ्या दिवशी वळणावरचा सगळ्यात अवघड सांधा मी मुद्दाम तसाच ठेवला. बाबांचं वेल्डिंगचं जुनं हेल्मेट शेजारी मांडलं, कुलूप लावलं आणि चहाला आलो.

आई चहा गाळत होती. खिडकीतून गॅरेजचं दार दिसत होतं. दाराखालून निळा उजेड लपलपायला लागला.

आईनं तिकडे पाहिलंही नाही. तिसरा कप भरून माझ्या हातात दिला.

"आत नेऊन दे. आणि सांग त्यांना, कालच्यासारखा अर्धा टाकू नका."