सहा ते सात

"गणित सकाळी," ताईने पट्टी लावून रेघ मारली. "तेव्हा डोकं ताजं असतं. आणि गणिताला लागून विज्ञान नको, मध्ये भाषा घालू."

"बरं," आई म्हणाली. इस्त्रीच्या टेबलापलीकडे ती गिऱ्हाइकांच्या सदऱ्यांची चळत लावत होती.

फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "घरात दहावी आहे. वेळापत्रक करून दे." भाची यंदा दहावीत, म्हणून ताई रजा टाकून आली होती. भाची शाळेत गेलेली. तेव्हा सगळं तिच्या आजीला, म्हणजे आईलाच विचारणं आलं.

"धास्ती कशाची आहे?"

"भूमितीची. मागच्या वेळी तिथंच गाडी अडली. यंदा गेलं, तर पुन्हा बसायची हिंमत व्हायची नाही."

सहामाहीत उडाली वाटतं, ताई मनात म्हणाली. तिने भूमितीला आठवड्याचे दोन तास वाढवले.

"दुपारी दोन ते चार इतिहास."

"दुपारी नको. कपडे पोचवायचे असतात."

ताई भडकली. "दहावीच्या पोरीला कपडे पोचवायला लावतेस? मला तर कधी साधी घडी घालू दिली नाहीस!"

"काम कुणाला चुकलंय? दुपार सोड."

ताईने धुसफुसत दुपार सोडली. सहा ते सातच्या चौकटीशी मात्र तिचा हात थांबला, आणि राग कुठल्या कुठे गेला. तिची दहावी याच टेबलाच्या या टोकाला झाली होती. सहा वाजले की आई म्हणायची, "आज काय वाचलंस ते सांग. माझ्यासारख्या अडाणी बाईला कळलं, तर तुझं पक्कं झालं." ताई सांगायची, आई इस्त्री फिरवायची. कळलं नाही की इस्त्री हवेतच थांबायची. "हे पुन्हा सांग." एकेक प्रमेय चार-चारदा सांगून ताई वैतागायची. गरम कापडाचा तो वास आठवला आणि तिला भरून आलं. त्या तासाइतकं सुख तिला नंतर कुठल्याच नोकरीत मिळालं नव्हतं.

तिने चौकटीत लिहिलं, 'मोठ्याने समजावून सांगणे'.

"हा तास बुडवायचा नाही, आई. माझं ऐकायचीस, तसं रोज ऐकायचं."

आई हसली. चळतीखालून तिने प्रवेशपत्र काढलं आणि ताईपुढे सरकवलं. फोटोतली बाई चष्म्यातून अगदी गंभीरपणे बघत होती.

"ऐकायचं तू, रोज सहाला, फोनवर. तुला कळलं, तर माझं पक्कं झालं."