तारखेची जागा

स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर विज्ञानाच्या बाई शाळेत परतल्या, तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याइतकाही उचलत नव्हता. फिजिओथेरपिस्टनं बजावलं होतं, "हात रोज वर न्यायचा, पण ओढ बसली की तिथंच थांबायचं. घाई केलीत तर होतं नव्हतं तेही जाईल." त्यामुळे फळ्याच्या वरच्या कोपऱ्यातली तारीख पार खाली आली आणि ती वाचायला मागच्या बाकांवरची मुलं उभी राहू लागली.

"बाई, फळ्याला तळमजलाच उरलाय का?"

"लिफ्ट बंद आहे रे. जिन्यानं चढतेय."

रोज तास सुरू होताना बाई खडू फळ्याला टेकवून हात हळूहळू वर सरकवत. ओढ बसेल तिथं तारीख लिहीत. कधी ती बोटभर वर जाई, कधी कालच्याच जागी राही. रेडिएशन सुरू झालं तेव्हा तर चक्क खाली उतरली. त्या दिवशी वर्गात कुणी विनोद केला नाही.

मग एका सकाळी खडू सरकतच राहिला. खांद्याच्या वर गेला, डोक्याच्या वर गेला, तरी ओढ बसेना. व्यायामात श्वास रोखायचा नसतो, हे बाई साफ विसरल्या. बोटांना फळ्याची लाकडी चौकट लागली. तिथं, जुन्या कोपऱ्यात, त्यांनी तारीख लिहिली आणि त्या वळल्या.

अख्खा वर्ग उभा होता, अगदी पहिल्या बाकासकट.

"अरे, बसा की! आता मागूनही दिसतंय ना?"

"दिसतंय बाई. म्हणून तर उभे आहोत."