निरगुडीची फोक

पेपर सुटला, पोरं पांगली, तरी शिवांजली फाटकातून बाहेर येईना. नानासो गुरुजींनी मोटरसायकल स्टँडवर लावली आणि ते हायस्कुलात शिरले. एरवी ती कवठे महांकाळहून एसटीनं घरी यायची, आणि उशीर झाला की एसटीचं नाव सांगायची. आज तालुक्याला काम निघालं, म्हणून बाप न्यायला आला होता.

गुरुजी तसे खुशीत होते. सकाळीच शेजारचा लालासाहेब सल्ला मागायला आला होता. त्याची पोरगी राजनंदिनी आठवीत गेली तरी वाचताना ओळीओळीला अडखळायची.

"गुरुजी, तुमची पोरगी काठावर पास व्हायची. सहामाहीला येकदम सत्तरच्या वर गेली. केलंसा तरी काय?"

गुरुजींनी परसातल्या निरगुडीकडं बोट केलं. "फोक. गणपतीपासनं रोज संध्याकाळी. शब्द चुकला की हात पुढं. लाड न्हाईत."

लालासाहेबानं तिथल्या तिथं एक लवचीक फोक तोडून नेली. शाळेत पोरांना मारायला बंदी आहे, हे गुरुजींना पाठ होतं. पण घरात कोण विचारतंय?

टोकाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत शिवांजली एकटीच लिहीत होती, आणि टेबलाशी रुमाना मॅडम बसल्या होत्या. गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपली पोरगी आणि कॉपी? म्हणजे ते सत्तर मार्क असे आले होते तर.

"घंटा कवाच झाली, मॅडम. हे काय चाललंय?" पोरीच्या बाकापाशी जाऊन गुरुजींनी विचारलं.

शिवांजलीनं मान वर केली. बापाला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. मग तिनं मान खाली घातली आणि लिहायला लागली. उजवा हात थांबला नाही. डावा मात्र बाकावरून सरकत आला आणि तळवा वर करून बापासमोर थांबला.

मॅडमनी तो हात पाहिला. मग गुरुजींकडं पाहिलं.

"सर, ती कॉपी करत नाही," त्या म्हणाल्या. "तिला सगळं येतं. पण वाचायला आणि लिहायला वेळ लागतो. तो तिचा दोष नाही, मेंदूची ठेवणच तशी असते. सांगलीच्या सरकारी दवाखान्यातून तपासून आणलंय. तासाला वीस मिनिटं जादा मिळतात तिला. तिच्या आईनं सही केलीय. तुम्ही दाखला फाडून टाकाल, म्हणून तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"कधीपासनं?"

"सहामाहीपासून."

गुरुजी तिच्या शेजारी बाकावर टेकले. अशा मुलांबद्दलचं एक प्रशिक्षण त्यांनी स्वतः घेतलं होतं. चहा-बिस्किटं झाल्यावर ते तिथनं सटकले होते. आता सगळं लख्ख दिसत होतं. पोरगी हुशार होतीच. तिला फक्त वेळ पाहिजे होता, आणि बाप रोज संध्याकाळी तिला झोडपत होता. वर गावभर छाती फुगवून फिरत होता. गुरुजींना स्वतःची किळस आली.

तो हात अजून तसाच होता. त्यांनी हळूच तिची बोटं मिटवली. बोटं परत उघडली. तिला वाटलं, बापानं अजून सुरुवात केलेली नाही.

"आप्पा," वर न बघता ती म्हणाली, "एकच प्रश्न ऱ्हायलाय. तेवढा लिहू द्या."

"लिही, बाळ," गुरुजी कसंबसं म्हणाले.

आणि त्यांना लालासाहेब आठवला.

ते धडपडत व्हरांड्यात आले. त्यांनी फोन लावला. पलीकडनं लालासाहेबानं लगेच उचलला.

"लालासाहेब..."

"आवं गुरुजी, मीच फोन लावणार हुतो. आज पोरीला शाळंला धाडलीच न्हाई. सकाळधरनं म्होरं वाचाय बसीवलीया." लालासाहेबाला जराशी धाप लागली होती. "पर ती फोक मोडली बगा. तुमच्या परसातली दुसरी तोडून नेऊ का?"