घर दाखवताना

“आणि हे?” एजंटने कोपऱ्याकडे बोट केलं.

बोट वॉकरकडे होतं. पण वॉकर आजोबांच्या हातात होता.

गिऱ्हाईक अर्ध्या तासात येणार होतं. सकाळपासून घराची नुसती नवरी करून ठेवली होती, आणि सजवणारी होती घरातली तोफ, म्हणजे नववीतली मुलगी. एकदा सुरू झाली की थांबायची नाही म्हणून तोफ. घर कसं विकावं याचे व्हिडिओ बघून बघून ती एजंटचीच शिकवणी घ्यायला तयार झाली होती. भिंतीवरचे फोटो काढायचे, म्हणजे घेणाऱ्याला तिथे स्वतःची माणसं दिसतात. पडदे उघडे, दिवे चालू. गळका नळ दुरुस्त करायचा, फडकं गुंडाळून लपवायचा नाही. आणि घाई आहे हे मेलं तरी बोलायचं नाही.

“वॉकर, औषधं, ते मलम,” एजंट आवाज खाली आणून म्हणाला. “दुखण्याचा वास नाकात गेला, की यांचा पहिला प्रश्न, हे कुठे जाणार? घर वेळेवर रिकामं होणार का? की लागले भाव पाडायला. मी आपलं अनुभवाचं सांगतो.”

बाबा स्विचबोर्ड पुसत होते. तो मघाशीच पुसून झाला होता. नव्या घराचं कर्ज मंजूर झालं होतं, पण आपल्या वाटणीचे पैसे भरायचे तर महिनाअखेरीच्या आत हे घर विकलं जायला हवं होतं. नाहीतर बुकिंग गेलं, भरलेली रक्कमही गेली. नवं घर घ्यायचं कारणच मुळी तिथली लिफ्ट, आणि लिफ्टचं कारण आजोबांचे गुडघे.

“सोप्पं आहे,” तोफ म्हणाली. “आजोबा खाली बाकावर बसतील. तासाभराचा तर प्रश्न. खोलीपण मोठी दिसेल.”

आई गॅस बंद केला का ते बघायला गेली आणि तिकडेच राहिली. आजोबांनी इस्त्रीचा शर्ट मागितला.

“बाहेर बसायचं तर माणसासारखं बसू,” म्हणाले.

एका बाजूने बाबा, दुसऱ्या बाजूने तोफ, असे ते तिघे तीन मजले उतरले. प्रत्येक वळणावर आजोबा कठड्याला धरून थांबत आणि “चला” म्हणत. दवाखान्याखेरीज ते कित्येक महिन्यांत खाली आले नव्हते. बाकावर टेकल्यावर त्यांनी विचारलं, “कोणी काही विचारलं तर?”

“तुम्हाला कोण विचारतंय, आजोबा,” तोफ म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाली. वॉकर माळ्यावर टाकायचा राहिला होता.

गिऱ्हाईक म्हणजे एक नवरा-बायको. घर तोफेनेच दाखवलं, बाबांवर बोलायची पाळीच आली नाही. बाईंनी नळ सोडून पाहिला, खिडक्या उघडून पाहिल्या आणि आजोबांच्या खोलीत मधोमध उभ्या राहिल्या.

“इथे मुलीचं टेबल बसेल.”

“आरामात बसेल,” तोफ म्हणाली. “ही खोली आम्ही तशी वापरतच नाही.”

नवरा हसला. “खरं सांगू का, आमचं जिन्यातच ठरत आलं होतं. खाली एक आजोबा भेटले. म्हणाले, तिसऱ्या मजल्यावरचं बघायला आलात ना? घेऊन टाका. हवा खेळती आहे, पाण्याची ददात नाही, आणि माणसं सरळ आहेत, फसवणार नाहीत. मी विचारलं, तुम्ही इथेच राहता का? तर म्हणे, छे, मी जरा टेकलोय.”

“किती नीटनेटके होते,” बाई म्हणाल्या. “तुमच्या ओळखीचे आहेत का?”

एजंटने घड्याळ बघितलं. बाबांनी तोफेकडे बघितलं. तोफेने नजर वळवली. तिचे कान तापले होते. समोरच्या भिंतीवर, फोटो काढलेल्या जागी, रंगाचे उजळ चौकोन राहिले होते. सकाळी तिला ते दिसलेच नव्हते.

“असतील कोणीतरी,” बाबा म्हणाले. “येऊन बसतात लोक.”

भाव पडला नाही. इसाराचा चेक तिथल्या तिथे फाडून दिला गेला.

“तू शाळा सोड आणि माझ्याकडे लाग,” निघताना एजंट तोफेला म्हणाला. आई चहाचे कप उचलत होती. तिने वर बघितलं नाही.

तोफ खाली गेली. या वेळी एकेक पायरी उतरत.

बाकावरची सावली केव्हाच सरकून गेली होती. आजोबा भर उन्हात बसले होते, इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. पलीकडच्या बाकावर झाडाची सावली होती, आणि तो बाक रिकामा होता.

“आजोबा, तुम्ही तिकडे का नाही…” एवढं म्हणून ती थांबली.

“जाताना भेटून गेले ते,” आजोबा म्हणाले. “आभार मानले माझे. घर पसंत पडलं म्हणाले.”

“हो.”

“मग झालं तर.”

त्यांनी रुमालाने मान पुसली, रुमालाची नीट घडी केली. फाटकाकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं,

“आता मी वर आलेलं चालेल ना?”