भरू दे आधी

“माझ्याच डिझेलवर टॅक्स घ्यायचा, अन् त्याच पैशानं माझंच गिऱ्हाईक पळवायचं,” बजरंग म्हणाला. “ह्याला म्हणतेत सरकार.”

सृष्टीला ते वाक्य एकदम पटलं. अकरा वाजता परभणीत तिची वक्तृत्व स्पर्धा होती. विषय, सवलतींवरचा सरकारी खर्च हवा की नको. आणि कोणत्या बाजूनं बोलायचं, तेच तिचं अजून ठरत नव्हतं. बायकांना एस.टी.त अर्धं तिकीट, ही गोष्ट तिला भारी वाटायची. पण तिचा बाप बजरंग म्हणजे झरीच्या फाट्यावरचा काळी-पिवळी जीपवाला. अर्ध्या तिकिटाची बाजू घ्यायची म्हणजे घरच्याच अन्नात माती कालवायची.

जीपमध्ये दोनच माणसं होती. त्यातला एक घाई करायला लागला, तसं बजरंगनं नेहमीचं उत्तर दिलं, “भरू दे आधी.” भरल्याशिवाय त्याची जीप हलत नसे. पोरीलाही त्यानं पुढच्या सीटवर बसवलं होतं ते एका अटीवर, गिऱ्हाईक आलं की मागं सरकायचं. मागं जागा नसली तर टपावर, असं तो हसत म्हणाला होता. पण पुरतं हसत नव्हता.

रस्त्याच्या पलीकडं मात्र एस.टी.साठी बायकांचा हा घोळका. सृष्टीला काही राहवेना. गेल्या वर्षापर्यंत वर्गात कुणी नाव विचारलं तरी ती वहीआड तोंड लपवायची. आता ती वाटेत कुणालाही गाठून प्रश्न विचारायची. ती पलीकडं गेली आणि कुठं चाललात, कशाला चाललात, सगळ्यांना विचारत सुटली. एकीला डोळे तपासायचे होते. एकीला बाजारातून स्वतःच्या पसंतीची साडी आणायची होती. वच्छलाबाई तर लेकीला नुसतं बघून यायला निघाल्या होत्या, काम काहीच नव्हतं.

मग आधी जीपनं जायचात का, असं तिनं विचारलं. बायका एकमेकींकडं बघून हसल्या.

“आधी आमी जायचोच कुठं, बाई?” वच्छलाबाई म्हणाल्या. “मालक जायचे. काय लागंल ते घिऊन यायचे.”

सृष्टी तशीच पळत जीपपाशी आली. “बाबा, ह्या बायकांमधल्या तुमच्या गाडीत कोण कोण बसायच्या?”

बजरंग एकदा बसलेलं गिऱ्हाईक विसरत नसे. तो पलीकडं निरखून बघायला लागला. तेवढ्यात मोटारसायकलवर आश्रुबा हॉर्न वाजवत गेले. ही मोटारसायकल घेईपर्यंत जीपचं पुढचं सीट रोज त्यांचंच असायचं. बजरंगचा हात सवयीनं वर गेला आणि तसाच राहिला. धूळ बसेपर्यंत तो त्यांच्या मागं बघत होता. मग त्यानं पुन्हा घोळक्यावर नजर फिरवली.

“वळखीची एक बी दिसंना,” तो हळू आवाजात म्हणाला. मग थबकला. “न्हाई, एक हाय.”

घोळक्याच्या कडेला ठेवणीतली साडी नेसून, नुकतीच आलेली सृष्टीची आई उभी होती. त्यानं हाक मारली, तशी मनिषा रस्ता ओलांडून आली. पोरीचं भाषण ऐकायला निघाले, म्हणाली.

“मग घरची गाडी असताना तिकडं कामून उभी ऱ्हायलीस?”

मनिषानं पदर सारखा केला. “लगीन झाल्यापासून बहिणीकडं जायचं म्हणलं की तुमी म्हणायचात, भरू दे आधी. अन् भरली की जागा नसायची.”

तेवढ्यात एस.टी. आली, आणि मनिषा बायकांबरोबर चढलीसुद्धा. सृष्टी पुढच्या सीटला हात लावून उभी होती. बाप स्टिअरिंगवरची नसलेली धूळ पुसत होता.

“जा तिच्यासंगं,” तो म्हणाला.

एस.टी. हलली. आईच्या शेजारी दाटीवाटीनं बसून सृष्टीनं भाषण मनातल्या मनात नव्यानं मांडलं. पहिलं वाक्य बाबांचंच ठेवायचं, डिझेलचं. ते खोटं नव्हतंच. शेवटचं मात्र आईचं.

मग तिनं मागच्या काचेतून पाहिलं. एस.टी.च्या मागोमाग जीप येत होती. आत दोनच माणसं होती, मागं बसलेली. पुढचं सीट रिकामं होतं.