क्रेसेंझचा लोलक

याही लोलकाच्या काचेत दोष निघाला, तर बव्हेरियातली ती भट्टी कायमची विझणार होती. क्रेसेंझने ती काच चाळीस दिवस निववली होती आणि घासून चकाकी देण्याचा शेवटचा हात उघड्या तळव्याने फिरवला होता.

खिडकीच्या झडपेच्या फटीतून ऊन लोलकावर पडले. भिंतीवर रंगांचा पट्टा उमटला. त्यात सूर्यप्रकाशातल्या, फक्त निर्दोष काचेतूनच दिसणाऱ्या केसासारख्या बारीक काळ्या रेघा, एकूण एक स्वच्छ!

"जिंकलीस, पोरी!" म्हातारे आलोइस मालक नाचायचेच बाकी होते. "बाईला काच वश होत नाही, असं कोण म्हणत होतं?"

"तुम्हीच, मालक."

दोघेही हसले. "देवाची कृपा," म्हणत तिने फट बंद केली.

खोलीत काळोख झाला. रंग मात्र भिंतीवर तसेच तेवत राहिले.

मग मधल्या काळ्या रेघा हळूहळू बाजूला सरू लागल्या, कुणाला तरी वाट करून द्यावी तशा.